आवाज होताच, ऐकणारे नव्हते

कॅनडातील विनिपेग शहरानजीकच्या कचराभूमीत मार्च २०२५मध्ये दोन मूलनिवासी स्त्रियांच्या अवशेषांची ओळख पटली. दोघींचीही हत्या २०२२ साली झाली होती आणि मृतदेह तेथे असावेत, असा पोलिसांचा त्याच वर्षीचा निष्कर्ष होता. तरीही शोध घेणे व्यवहार्य नसल्याचे कारण देत डिसेंबर २०२२मध्ये त्यांनी नकार दिला. पुढे विषारी द्रव्यांचा धोका आणि १८ कोटी ४० लाख डॉलरपर्यंतच्या संभाव्य खर्चाची ढाल पुढे करण्यात आली. २०२३च्या निवडणुकीत तर मॅनिटोबा प्रांतातील तत्कालीन सत्ताधारी पक्षाने हा नकार जाहिरातींतून ‘ठामपणा’ म्हणून मिरवला. मतदारांनी त्यांना सत्तेवरून दूर केले. नव्या सरकारने डिसेंबर २०२४मध्ये शोध सुरू केला आणि अवघ्या तीन महिन्यांत अवशेष हाती लागले. उणीव तंत्राची नव्हे, इच्छाशक्तीची होती, हेच यातून सिद्ध झाले.

ही उपेक्षा आजची नाही. १८७६च्या ‘इंडियन अ‍ॅक्ट’नुसार समाजाबाहेर विवाह करणारी स्त्री आपला कायदेशीर दर्जा गमावत असे, पुरुष मात्र गमावत नसे. जमातीच्या परिषदेच्या निवडणुकीत स्त्रियांना १९५१पर्यंत मताधिकार नव्हता. सँड्रा लव्हलेस यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. १९८१मध्ये समितीने कॅनडाला दोषी ठरवले, तेव्हा कुठे १९८५मध्ये कायदा बदलला. १९८० ते २०१२ या काळात १,१८१ मूलनिवासी स्त्रियांची हत्या झाली वा त्या बेपत्ता झाल्या, अशी नोंद राष्ट्रीय पोलीस दलानेच २०१४मध्ये प्रसिद्ध केली. राष्ट्रीय चौकशी मात्र २०१६मध्ये सुरू झाली. तिच्या २०१९च्या अंतिम अहवालाने न्यायासाठी २३१ मागण्या मांडल्या.

या स्त्रिया मूक होत्या, असे म्हणणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरेल. त्या न्यायालयांत, आयोगांपुढे आणि रस्त्यावर सातत्याने बोलत होत्या. विनिपेगमध्येही मृत स्त्रियांच्या मुली आणि आप्तांनीच लढा चालवला. त्यांना साथ देऊ इच्छिणाऱ्यांनी त्यांच्या वतीने बोलण्याचा मोह टाळावा. त्यांनी निश्चित केलेल्या मागण्यांमागे मत, पैसा आणि प्रसिद्धी उभी करावी, तसेच निर्णयाच्या बैठकीत त्यांना हक्काचे स्थान मिळेल, हे पाहावे. सहानुभूतीचे शब्द स्वस्त असतात. २३१ मागण्यांपैकी प्रत्यक्षात किती उतरल्या, याचा हिशेब सरकारकडे सतत मागत राहणे, हीच खरी साथ होय.