जाहिरातीतली गाडी आली कुठून?

टीव्हीवर नवीकोरी मोटार घाटातून सुसाट जाते आणि घरातली पोरे टक लावून बघतात. पण वाचकहो, त्या घाटात ती मोटार कधी गेलेलीच नसेल!

गाडी बाजारात येण्याआधी जाहिरात तयार हवी. मग चित्रीकरणाला गाडी आणायची कुठून? मूळ लंडनच्या 'द मिल' कंपनीने २०१६ साली यावर तोड काढली. 'ब्लॅकबर्ड' नावाचा, विजेवर धावणारा नुसता सांगाडा! चाके बदलायची, लांबी-रुंदी हवी तशी कमी-जास्त करायची. रस्त्यावर पळतो तो हाच. त्याच्यावरचे कॅमेरे आणि लेसर यंत्र भोवताल टिपत जातात. लेसरचा किरण झाडावर, कठड्यावर आपटून परत येतो. त्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळते. अशा लाखो ठिपक्यांतून संगणकात तो रस्ता हुबेहूब उभा राहतो. मग कारागीर सांगाड्यावर संगणकातली मोटार चढवतात. खरी मेख इथेच आहे. चकचकीत पत्र्यावरून झाडे आणि आभाळ सरकताना दिसले नाही, तर शेंबडे पोरसुद्धा सांगेल की गाडी खोटी.

ही कारागिरी आपल्या देशातही चालते. 'द मिल'चा एक स्टुडिओ बंगळूरला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिची मालक कंपनी टेक्निकलर कोसळली. संगणकावर रात्री जागवणारी बंगळूर-मुंबईतली हजारो मुलेमुली एका फटक्यात घरी बसली. अनेकांचा त्या महिन्याचा पगारसुद्धा अडकला.