गाल आमचा, हात कुणाचा?

पाळकसाहेब, रविवारी तुम्ही बोलता, आम्ही ऐकतो. आज आम्ही बोलतो. जरा ऐका.

आमच्या सूतगिरणीत रिंगखात्यात धागा तुटला की जॉबरची शिवी सुटते. शिवी जातीवरची. वाइंडिंगची बाई असली तर आणखी खालची. पाळी संपली तरी चार तास थांबवून घेतात, आणि ते तास हजेरीच्या कागदावर चढत नाहीत. कायदा म्हणतो, जादा कामाला दुप्पट मजुरी. आमच्या हातात पडतो एक वडापाव. हे मंडळीत सांगायला गेलो तर उत्तर तयार : दुसरा गाल पुढं करा, प्रभू बघतोय.

प्रभू बघतोय, खरंच. मालक काय बघतोय? चर्चात जाणारा कामगार युनियनची पावती फाडत नाही, एवढंच तो बघतोय.

मी शाळेत आठवीपर्यंत. पुढलं सगळं रात्रपाळीला, बॉबिनच्या पेटीवर बसून. शास्त्रही तिथंच वाचलं. मत्तयात दुसरा गाल आहे, मान्य. आता योहानाचा 18वा अध्याय काढा. प्रमुख याजकासमोर उभ्या येशूला शिपायानं थोबाडीत मारली. येशूनं उलट हात उचलला नाही. पण मानही खाली घातली नाही. त्यानं जाब विचारला, की बोलण्यात चूक असेल तर दाखव, नसेल तर हात का टाकलास? ज्यानं डोंगरावर दुसरा गाल सांगितला, त्याचंच हे वागणं. म्हणजे मारणाऱ्यासारखा होऊ नकोस, पण मुकाही राहू नकोस. अर्धा येशू आम्हाला का देता?

पौलाचं बघा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. फिलिप्पै गावात त्याला चारचौघांत छड्या मारल्या, कोठडीत घातलं. सकाळी निरोप आला, गपचूप निघून जा. पौल हलला नाही. आम्ही रोमचे नागरिक, मारलंत उघड्यावर, आता चोरून सोडता काय? स्वतः या. आणि अधिकारी आले, विनवण्या करत आले. आमच्याकडंही तेच. शिवी सगळ्या खात्यासमोर, समझोता केबिनात. मग खात्यात येऊन बोला म्हणणारा कामगार धर्म सोडलेला कसा?

कलस्सैकरांच्या पत्रातून दासांनी धन्याचं ऐकावं, एवढंच वाचता. पान उलटा की! पुढल्या अध्यायाची पहिलीच ओळ धन्याला आहे, की दासांशी न्यायानं वाग. याकोब तर म्हणतो, दाबून ठेवलेली मजुरीच ओरडते. हा उपदेश मालकाच्या बंगल्यावर कधी झाला?

ज्या रविवारी आम्ही उपासनेला बसतो, तो तरी कुणी दिला? ख्रिस्ती सरकारच्या राज्यात मुंबईच्या गिरण्या रविवारीसुद्धा धडधडत होत्या. 1884 साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगारांची संघटना बांधली, भांडण मांडलं. 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे सत्यशोधक होते. गाल पुढं करून सुट्टी मिळाली नाही.

आणि जात? बाप्तिस्म्यानं गेली म्हणता. शिवी देताना जॉबर बाप्तिस्म्याचा दाखला मागत नाही. कायदा मात्र बघतो. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती केली. 1956 ला शीख आत आले, 1990 ला बौद्ध. ख्रिस्ती महार-मांग बाहेरच. म्हणून 1989 चा अ‍ॅट्रॉसिटीचा कायदाही आमच्या कामाचा नाही. शेजारच्या साच्यावरच्या बौद्ध भावाला तीच शिवी बसली तर तो ठाण्यात जाऊ शकतो. मी कुठं जाऊ? माझ्या डोक्यावर युनियनचंच छप्पर आहे. तेही तुम्ही काढायला सांगता.

मत्तय 18 मध्ये चुकणाऱ्याला आधी एकट्यानं सांगा, मग दोघं साक्षीदार न्या, तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढं मांडा असं आहे. आम्ही तेच करतोय. जॉबरला एकट्यानं सांगून झालं. दोघांना घेऊन मॅनेजरकडे जाऊन झालं. आता तारीख, पाळी, शब्द, साक्षीदार लिहून कामगार आयुक्तांकडे अर्ज चाललाय. त्यावर ख्रिस्ती, बौद्ध, मातंग, मुसलमान, सगळ्यांच्या सह्या आहेत.

पाळकसाहेब, तुमच्या सहीला जागा ठेवलीय.