द्रोणाचार्यांना गुरू कोण?

अर्जुनाला द्रोणाचार्य होते. द्रोणाचार्यांनी मात्र अडल्या वेळी कोणाचे दार ठोठवावे, हा प्रश्न आपल्या क्रीडाखात्याने पुरेसा मनावर घेतलेला दिसत नाही. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवीत आहे आणि सरकार १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार देत आहे. म्हणजे आरंभी पदविका आणि अखेरीस पुरस्कार! मधली वीस-पंचवीस वर्षे काय? खेळाडू हरला की पहिली कुऱ्हाड प्रशिक्षकावर. दुखापत लपविणारी मुलगी, हट्टी पालक, संघटनेचा दबाव, साऱ्यांना त्याने एकट्यानेच तोंड द्यावयाचे. ज्यांना विचारावे ते प्रतिस्पर्धी, आणि ज्यांना सांगावे ते त्याच्या नेमणुकीचे धनी!

‘आमची गुरुपरंपरा आहेच की’, असे यावर उत्तर मिळते. परंपरा थोर खरी. रमाकांत आचरेकर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत आणि नाबाद राहिलेला सचिन ते घेऊन जाई, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. परंतु कोणाचे तंत्र बदलावे आणि कोणाला त्याच्या वळणाने खेळू द्यावे, ही पारख नाण्याच्या गोष्टीत नाही. ती शेजारी उभे राहूनच शिकावयाची असते. गडचिरोलीहून आपली धावपटू राष्ट्रीय शिबिरापर्यंत नेणाऱ्या तरुण प्रशिक्षिकेला ती संधी कोण देणार? ओळखीपाळखीवर चालणारी परंपरा ओळख नसलेल्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने हे ओळखले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकात प्रशिक्षकांत स्त्रिया शेकडा अवघ्या १३ होत्या. समितीने २०२२ पासून निवडक प्रशिक्षिकांसाठी २१ महिन्यांचा उपक्रम चालविला, त्यांना इंग्लंडमधील हर्टफर्डशर विद्यापीठात एकत्र आणले आणि जाणते मार्गदर्शक रीतसर नेमून दिले. भेट नशिबावर सोडली नाही.

आपल्याकडे अशी योजना आखताना एक पथ्य कसोशीने पाळले पाहिजे. मार्गदर्शक निवड समितीवर नसावा, प्रशिक्षकाच्या नेमणुकीत त्याचा शब्द नसावा, आणि मोकळेपणी सांगितलेली अडचण त्याने वरिष्ठांच्या कानी घालू नये. अन्यथा आणखी एक पर्यवेक्षक तेवढा वाढेल. त्यांची आपल्याकडे वानवा नाही.

निवृत्त प्रशिक्षकांना शाल-श्रीफळ पुरे झाले. त्यांना मानधन द्या, रेल्वेचे भाडे द्या, आणि वर्षातून चार वेळा तरुण प्रशिक्षकाच्या मैदानावर पाठवा. सामना हरल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठविता आले, तर अधिक बरे.