बिल्डने ओळींच्या शेपटांना हात लावू नये

विंडोजवर ओळ दोन बाइटांनी संपते (१३ आणि १०), युनिक्सवर एकाच (१०). वारसा टेलिटाइपचा, ठीक आहे. पण म्हणून अँटच्या फिक्स-सीआरएलएफने बिल्ड चालू असताना फोल्डरच्या फोल्डर गुपचूप बदलायचे? हा शुद्ध आगाऊपणा झाला!

१९९६ सालच्या पीएनजीच्या कर्त्यांना ही खोड ठाऊक होती. पहिल्या ८ बाइटांतच त्यांनी १३-१० आणि सुटा १० पेरून ठेवला, म्हणजे कुणी ढवळाढवळ केली की लगेच पकडली जाते. आपल्या बाकीच्या फाइलींना असा पहारेकरी नाही.

रिपॉझिटरीत एक आणि ग्राहकाकडे गेलं दुसरंच, याला काय बिल्ड म्हणायचं? नियम गिटॲट्रिब्यूट्समध्ये एकदाच लिहा, सगळ्यांना दिसेल असा. बिल्डने फक्त तपासावं, आणि चूक दिसली तर बोंब मारून थांबावं. दुरुस्ती आपण करू.