जुन्या यंत्रनौकेचा तळ

जुनी यंत्रनौका मंदावली कीं तिचा धनी प्रथम नव्या एंजिनाची चौकशी करितो. आमच्या मतें हा पैसा बहुधा पाण्यांत जातो, आणि तोहि शब्दशः. जी नौका पाणी कापीत चालते तिच्या वेगास तिची लांबीच कुंपण घालते. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळास १.३४ नें गुणावें. ३६ फुटांच्या नौकेस ताशीं सुमारें ८ सागरी मैल येतात. त्यापुढें एंजिन कितीहि दांडगें बसविलें तरी नौका स्वतःच उठविलेल्या लाटेचा चढ चढत बसते. मागील बाजूस तळ सहा फूट वाढविला तर लाभ पाऊण मैलाहूनहि कमी!

मग पाहावयाची राहते ती तळाची त्वचा. समुद्रांत उभ्या राहिलेल्या नौकेच्या तळास शेवाळ व कवचाचे बारीक जीव चिकटतात, आणि वेग निमूटपणें गळतो. यावर तांबें हा जुना उपाय. १७६१ सालीं इंग्रजी आरमारानें ‘अलार्म’ नांवाच्या लढाऊ जहाजास तांब्याचे पत्रे ठोकून तें वेस्ट इंडीजकडे पाठविलें. परत आल्यावर पाहतात तों तांबें स्वच्छ, पण त्यास टेंकलेले लोखंडी खिळे खाऊन गेलेले! जेथें पत्र्याचा वेष्टनाचा कागद चुकून मध्यें राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते. खाऱ्या पाण्यांत दोन धातूंचा स्पर्श झाला कीं हलका धातु झिजतो, हें त्या क्षुल्लक कागदानें दाखविलें.

हाच न्याय उलटा लावून १८२४ सालीं हंफ्री डेव्ही यांनीं तांब्यास लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडले. झिजावें तें तुकड्यांनीं, तांबें राहावें अभंग. कोचीनला सागवानी लांकडांत बांधलेल्या ‘समरंग’ जहाजावरहि हा प्रयोग झाला. तांबें खरोखरच टिकलें. परंतु तें विरघळेनासें होतांच त्याचें विष संपलें, आणि जहाजांच्या तळांवर जीवांचें रान माजलें. आरमारानें ते तुकडे काढविले. टिकाऊपणा साधला, वेग गेला.

आज तांबें रंगांतून लावितात, आणि जस्ताचे तुकडे पंखा व सुकाणूं यांच्यापाशीं बसवितात. ॲल्युमिनियमच्या तळास मात्र तांब्याचा रंग लावूं नये. तेथें ‘अलार्म’चीच गत व्हावयाची. लोखंडी तळाची जाडी ध्वनिलहरींनीं मोजून घ्यावी. नवा रंग पातळ झालेला पत्रा झांकतो, जाड करीत नाहीं. कांचतंतूंच्या तळावर फोड आले असतील तर ते उघडून, धुवून, आंतील ओल पूर्ण सुकूं द्यावी. यास कित्येक आठवडे लागतात. गोदीवाला घाई करूं लागला तर त्यास ओल मोजून दाखवावयास सांगावें, आणि आंकडा उतरेपर्यंत लेपाचा डबा उघडूं देऊं नये.