बॉसचं नोबेल, मामाचं डाळिंब आणि आपली सर्दी

कुठल्याही ऑफिसातला कुठलाही ड्रॉवर उघडा. आत काय असतं? स्टेपलरच्या पिना, पिझ्झाबरोबर आलेली ओरेगॅनोची पाकिटं, बंद पडलेला हेडफोन आणि गोळ्यांची एक अर्धवट संपलेली स्ट्रिप. ही स्ट्रिप बहुतेक वेळा अँटिबायोटिकची असते. कुणी दोनदा शिंकलं की शेजारचा लगेच ड्रॉवर उघडतो, ‘माझ्याकडे दोन उरल्यात, देऊ?’ मंडळी, आपण एकवेळ चार्जर देणार नाही, पण गोळी मात्र अगदी मोकळ्या मनानं देतो.

आज त्या गोळीच्या खानदानातल्या एका थोरल्या औषधाची गोष्ट. तिची सुरुवात तुम्हाला फारच ओळखीची वाटेल, कारण त्यात एक ज्युनियर आहे, एक बॉस आहे आणि एक क्रेडिट आहे.

साल १९४३. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचं शेतकी कॉलेज. अल्बर्ट शॅट्झ हा २३ वर्षांचा पोरगा तळघरातल्या प्रयोगशाळेत मातीतले सूक्ष्मजीव वाढवत बसलेला असायचा. पगार महिन्याला ४० डॉलर. त्याला टीबीच्या जंतूला मारणारं काहीतरी शोधायचं होतं. पेनिसिलिन टीबीपुढे अगदीच निरुपयोगी होतं. शॅट्झला शेवटी एक जीव सापडला, स्ट्रेप्टोमायसिस ग्रिझियस. एक नमुना खत घातलेल्या शेतातल्या मातीतून आला होता, दुसरा चक्क एका कोंबडीच्या घशातून! या जीवापासून मिळालेलं औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. टीबीवर खरोखर चालणारं पहिलं औषध.

आणि १९५२ चं नोबेल कुणाला? बॉसला. सेलमन वॅक्समन यांना, एकट्यांना. त्याआधीच शॅट्झनं कोर्टात दावा लावला होता. १९५० मध्ये तडजोड झाली, सहसंशोधक म्हणून त्याचं नाव मान्य झालं आणि रॉयल्टीत थोडा वाटाही मिळाला. नोबेल मात्र नाही मिळालं. पुढच्या अप्रेझलला रडू आलं की शॅट्झला आठवा. तेवढाच दिलासा.

पण या गोष्टीतली खरी गंमत क्रेडिटच्या पुढे आहे. गंमत कसली, खरं तर धोक्याची घंटाच.

१९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा निकाल छापला. कुठल्या रुग्णाला औषध मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता आधीच केलेल्या यादृच्छिक वाटणीनं ठरवायचं, ही शिस्त लावून देणारी ही गाजलेली चाचणी. ५५ रुग्णांना विश्रांती आणि औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ मृत्यू, दुसऱ्या गटात १४. टाळ्या!

पाच वर्षांनंतरचा हिशेब मात्र असा होता : औषधाच्या गटातले ३२ गेले होते, दुसऱ्या गटातले ३५. म्हणजे सुरुवातीची ती मोठी आघाडी जवळपास पुसली गेली. का? टीबीच्या करोडो जंतूंमध्ये थोडेसे असे असतात ज्यांना हे औषध लागूच पडत नाही. बाकीचे मेले, की यांना मैदान मोकळं. औषधानं जंतू संपवले नव्हते, त्यातले चिवट तेवढे निवडून ठेवले होते. मग दुसरं औषध जोडीला दिलं आणि फरक पडला, कारण एकाला चुकवणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. टीबीला आजही एकाच वेळी अनेक गोळ्या देतात, ते डॉक्टरांना गोळ्यांची हौस आहे म्हणून नव्हे.

आता आपल्या गावाकडे येऊ या. पुण्याहून मुंबईला जाताना पिंपरीत ‘एचए’ लागतं. नव्या पिढीला फार तर एचए ग्राउंड माहीत. पण हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही १९५४ साली उभी राहिलेली सरकारी कंपनी. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं तिथं पेनिसिलिन बनायला लागलं आणि त्यापाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिनही. याच कंपनीचं एक उत्पादन दवाखान्यात नाही, तर कृषी सेवा केंद्रात विकलं जायचं. नाव स्ट्रेप्टोसायक्लिन. त्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन, १० टक्के टेट्रासायक्लिन. शेतातल्या मातीतून निघालेलं औषध माणसाच्या फुप्फुसातून फिरून पुन्हा शेतात पोचलं होतं.

ते मी स्वतः पाहिलं २०१९ च्या पावसाळ्यात, सांगोल्याला मामाच्या डाळिंबाच्या बागेत. डाळिंबावर ‘तेल्या’ नावाचा रोग पडतो. झँथोमोनास नावाच्या जंतूमुळे पानांवर, फळांवर तेल सांडल्यासारखे डाग येतात, मग फळ तडकतं. पावसाचे थेंब, वारा, छाटणीची कात्री, सगळ्यावरून तो पसरतो. मामाची निम्मी बाग त्यानं आधीच खाल्ली होती. मामा ड्रममध्ये पांढरी पावडर कालवत होता.

‘मामा, यानं रोग जातो?’

‘गेला तर जातो, न्हाय तर न्हाय. पण मारली की बरं वाटतंय बघ.’

‘झाडाला?’

‘झाडाला न्हाय गं, मला!’

मी हसले, पण ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही. कर्ज डोक्यावर, वर ढग, समोर तडकलेली फळं. अशा वेळी हातावर हात ठेवून बसणं कुणाला जमतं? आणि आपण तरी काय करतो? उद्या क्लायंट मीटिंग आहे, नाक गळतंय, सुट्टी शिल्लक नाही. सर्दी व्हायरसची, अँटिबायोटिकचा त्याच्यावर शून्य परिणाम. तरी आपण गोळी टाकतो, कारण बरं वाटतं. सर्दीला नाही, आपल्याला! फरक एवढाच की मामाचं आख्खं वर्ष पणाला लागलेलं असतं आणि आपलं एक प्रेझेंटेशन.

‘पण डाळिंबाच्या जंतूचा आणि माझा काय संबंध?’ रास्त प्रश्न. जंतू आपल्या प्रतिकाराच्या जीन्स पिल्लांना तर देतातच, शिवाय शेजाऱ्यांनाही देतात. अगदी व्हॉट्सअॅप फॉरवर्डसारख्या, जातकुळी न बघता. अमेरिकेत सफरचंद आणि नासपतीच्या बागांवर ‘फायर ब्लाइट’ रोगासाठी वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोमायसिन फवारलं गेलं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात औषधाला न जुमानणारे जंतू सापडले. पुढे शास्त्रज्ञांना या रोगाच्या काही जंतूंमध्ये प्रतिकाराच्या दोन जीन्सची जोडी दिसली. हीच जोडी माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंमध्येही आहे. कुणी कुणाला फॉरवर्ड केलं ते सोडा. ग्रुप एकच आहे, हे लक्षात घ्या.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं पिकांवर स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनच्या वापरावर टप्प्याटप्प्यानं बंदी आणण्याचा मसुदा काढला. त्याआधी २०१९ मध्ये कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधावर कोंबड्या आणि जनावरांसाठी बंदी आली होती. का, ते एका आकड्यावरून कळतं : २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख माणसं गेली, असं २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज सांगतो.

आकडे लांबचे वाटतात ना? मग जवळचं सांगते. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मैत्रिणीला टीबी झाला. चकाचक एसी ऑफिस, जिमची मेंबरशिप, सॅलड खाणारी मुलगी. दीड महिना खोकला चालू होता आणि तेवढे दिवस ड्रॉवरमधल्या आणि केमिस्टकडच्या गोळ्याही चालू होत्या. शेवटी बेडक्याची तपासणी झाली तेव्हा निदान झालं. औषध लागू पडणारा साधा टीबी निघाला, हे तिचं नशीब. सहा महिन्यांचा कोर्स. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला, वजन वाढलं आणि ती म्हणाली, ‘आता बास यार, गोळ्यांनी मळमळतं.’ तिच्या आईनं ऐकलं नाही. रोज सकाळी सव्वाआठला फोन : ‘घेतलीस का?’ स्टँडअप मीटिंगमध्येसुद्धा. आम्ही सगळे चिडवायचो. आज ती ठणठणीत आहे, आणि १९४८ च्या त्या चाचणीतले आकडे वाचल्यापासून मी त्या सव्वाआठच्या फोनला मनातल्या मनात सलाम करते.

मामानंही रस्ता बदलला. सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथल्या लोकांचा सल्ला ऐकायला अगदीच साधा. पावसाळ्यात फळ येणारा बहार टाळून हस्त बहार धरा, रोगट फळं-फांद्या बागेबाहेर नेऊन जाळा, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करा, रोपं निरोगी घ्या. पांढऱ्या पावडरीसारखी यात जादू नाही, नुसता कंटाळवाणा नेम आहे. पण तडकलेली फळं कमी झालीत, असं मामा सांगतो. आणि मामा फेकणाऱ्यातला नाही.

तर आपल्यासाठी नेम काय? फार काही नाही. ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे, ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही आणि कुणाला द्यायची तर अजिबात नाही. डॉक्टरनं जितके दिवस सांगितलं तितके दिवस घ्यायची, बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं थांबवायची नाही. साध्या सर्दीला वाफ, गरम पाणी, झोप. दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्यायची. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आणि बॉसला सांगायचं, ‘सर, आज घरून काम करते.’ त्यानं आख्ख्या फ्लोअरची सर्दी वाचेल. याचं क्रेडिट मात्र तोच घेईल, त्याची तयारी ठेवा!