लेन्स बसली, पण चालेना!



गेल्या जानेवारीत आमच्या शाळेची सहल भिगवणला गेली होती. भिगवण ठाऊक आहे ना? पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात. भीमा नदीवर उजनी धरण बांधलं आणि त्याचं पाणी मागं पार इथपर्यंत पसरलं. या उथळ पाण्यात थंडीच्या दिवसांत रोहित पक्षी उतरतात. लांबच लांब पाय, बाकदार चोच. ती चोच उलटी पाण्यात घालून ते आपलं खाणं गाळून घेतात. बघण्यासारखी गंमत असते!

शाळेला एका माजी विद्यार्थ्यानं आपला जुना डिजिटल कॅमेरा भेट दिलेला. मुलांनी ठरवलं, रोहितांचे फोटो काढायचे आणि भित्तिपत्रकाचा खास अंक करायचा. पण कॅमेऱ्यासोबतची लेन्स होती १८-५५ ची. तिच्यात लांबचा पक्षी दिसणार केवढा? आम्ही फळ्यावर गणितच मांडलं.

लेन्सवर जो आकडा असतो तो तिचं नाभीय अंतर सांगतो, मिलिमीटरमध्ये. रोहित धरा १.२ मीटर उंच आणि आपल्यापासून ६० मीटर लांब. म्हणजे उंची अंतराच्या पन्नासाव्या भागाइतकी. मग कॅमेऱ्याच्या आत त्याची प्रतिमाही नाभीय अंतराच्या पन्नासाव्या भागाइतकीच पडणार. ५५ भागिले ५०, म्हणजे जेमतेम १.१ मिलिमीटर! आतला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा तुकडा, सुमारे १५ मिलिमीटर उंच. त्यात हा एवढासा ठिपका. पण लेन्स ३०० ची असेल तर? ३०० भागिले ५०, सहा मिलिमीटर. चौकटीच्या एक तृतीयांशाहून जास्त! मुलं ओरडलीच, "बाई, आपल्याला तीनशेचीच हवी!"

मग सुरू झाली रद्दीची मोहीम. घरोघरची वर्तमानपत्रं, जुन्या वह्या, पुठ्ठे. दिवाळीपासून साठवत साठवत साडेचार हजार रुपये जमले. सहलीच्या आदल्या दिवशी मी शहरात जाऊन एक जुनी ७०-३०० ची झूम लेन्स घेतली. दुकानदारानं आपल्या कॅमेऱ्यावर लावून दाखवली. झर्रकन फोकस झाली. आमचा कॅमेरा त्याच कंपनीचा, त्यामुळे मी निर्धास्त. तो मात्र शाळेच्या कपाटात कुलूपबंद होता. इथंच माझी चूक झाली!

दुसऱ्या दिवशी होडीत लेन्स लावली. कट् आवाज करून छान बसली. फोटो काढायचं काम सातवीतल्या एका मुलीकडं दिलं होतं. समोर शेदीडशे रोहित. तिनं बटण दाबलं. काहीच होईना. सगळं धूसर. पुन्हा दाबलं, पुन्हा धूसर. नावाडीमामांनी होडी थांबवून ठेवली होती. मुलं म्हणत होती, "काढ ना लवकर!" तिचा चेहरा रडवेला झाला. माझ्याकडं वळून ती हळूच म्हणाली, "बाई, माझ्या हातून मोडली का हो?"

मुलांनो, लेन्स मोडली नव्हती. तिच्या हातून काही चुकलंही नव्हतं. चुकले होते मी. मग नेमकं झालं काय होतं? ते नीट समजून घेऊ. उद्या तुमच्या घरी कुणी लेन्स घ्यायला निघालं, तर तुम्हीच त्यांना चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : कडं जुळतंय का? लेन्स जिथं अडकते त्या गोल कड्याला माउंट म्हणतात. अनेक कंपन्यांची कडी निराळी. निकॉनची लेन्स कॅननवर बसत नाही. टॅमरॉन, सिग्मा या कंपन्या एकच लेन्स वेगवेगळ्या कड्यांची बनवतात. ती कोणत्या कॅमेऱ्यासाठी आहे हे विचारूनच घ्यायची. शिवाय कंपनी एक असली तरी कडी निरनिराळी असू शकतात. निकॉन आणि कॅनन दोघांनी २०१८ मध्ये बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नवी कडी आणली. त्यांच्या लेन्स जुन्या, आरशाच्या कॅमेऱ्यांवर लागत नाहीत. उलट, जुन्या लेन्स मधे अडॅप्टर घालून नव्या कॅमेऱ्यांवर लावता येतात.

दुसरा प्रश्न : मोटर कुठं आहे? आमचं घोडं इथंच अडलं. निकॉनचं एफ हे कडं १९५९ पासून चालत आलेलं. आधी फोकस हातानंच करायचा. मग मोटर आली ती कॅमेऱ्यात. कड्यातून बाहेर आलेलं स्क्रू-ड्रायव्हरसारखं छोटंसं टोक लेन्सची खाच फिरवायचं. पुढं मोटर लेन्समध्येच गेली. तेव्हा काही हलक्या, स्वस्त कॅमेऱ्यांतून ती काढून टाकली. डी ३१००, डी ३५००, डी ५६०० अशा कॅमेऱ्यांत मोटर नाही. त्यांना एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्स लागते. त्यातही एएफ-पी लेन्स काही जुन्या कॅमेऱ्यांवर फोकस करत नाही, म्हणून जुना कॅमेरा असेल तर एएफ-एस बरी. नुसतं एएफ किंवा एएफ-डी लिहिलेली लेन्स यांच्यावर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानं करावा लागतो. दुकानदाराच्या कॅमेऱ्यात मोटर होती, आमच्यात नव्हती. आलं लक्षात?

कॅननची तऱ्हा वेगळी. त्यांनी १९८७ मध्ये जुनं कडं सोडून ईएफ हे नवं कडं घेतलं. जुन्या लेन्स त्यावर बसेनाशा झाल्या, पण ईएफ लेन्समध्ये मोटर आतच असते. फक्त ईएफ-एस लिहिलेली लेन्स मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल फ्रेम ईएफ कॅमेऱ्यावर बसत नाही. ओळखायची कशी? ईएफला लाल ठिपका आणि ईएफ-एसला पांढरा चौकोन असतो.

तिसरा प्रश्न : हात हलला तर? लांबचं मोठं दिसतं, तसा हाताचा कंपही मोठा होतो. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात ३०० ची लेन्स निकॉनवर ४५० सारखी आणि कॅननवर ४८० सारखी दिसते, कारण सेन्सर चित्राचा मधलाच भाग टिपतो. म्हणून शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका तरी वेगवान ठेवावा. लेन्सवर व्हीआर किंवा आयएस लिहिलं असेल तर हाताचा कंप आवरायची सोय तिच्यात आहे. पण पक्षीच उडाला तर त्याचा काही उपयोग नाही, तिथं वेगवान शटरच हवा.

चौथा प्रश्न : आत स्वच्छ आहे ना? जुनी लेन्स घेताना एका बाजूनं बॅटरीचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती फार लवकर धरते. तशी लेन्स घेऊच नका.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दुकानात जाताना आपला कॅमेरा सोबत न्या! मी नेला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

सहलीहून परतल्यावर मी वर्गात हे सगळं सांगितलं. पैसे मुलांचे होते, तेव्हा चूक लपवून कसं चालेल? दुकानदार लेन्स परत घ्यायला तयार होईना. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग हातानंच शिकू की!"

तसंच केलं. खिडकीतून बघत कडं हळूहळू फिरवायचं. फोकस जमला की खालच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो. त्या मुलीनं महिनाभर शाळेच्या आवारातल्या कावळ्या-साळुंक्यांवर हात बसवला. फेब्रुवारीच्या अखेरीस तिच्या वडिलांनी तिला पुन्हा भिगवणला नेलं. नावाडीमामांना तिनंच सांगितलं, "मामा, होडी लांबच ठेवा. जवळ गेलो तर उडतील. आपली लेन्स लांबचं बघते." साठ फोटोंपैकी सात चांगले आले. त्यातला एक आता शाळेच्या व्हरांड्यात लागलाय.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. घरातलं बहिर्गोल भिंग घ्या. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरून पुढं-मागं करा. बाहेरच्या झाडाचं उलटं, स्पष्ट चित्र भिंतीवर उमटलं की भिंग आणि भिंत यांतलं अंतर पट्टीनं मोजा. तेच त्या भिंगाचं नाभीय अंतर! मात्र भिंगातून किंवा कॅमेऱ्याच्या खिडकीतून सूर्याकडं कधीही बघू नका, डोळ्याला कायमची इजा होते.

किती मिलिमीटर आलं ते मला पत्रानं नक्की कळवा हं!

तुमच्या बाई